आबांचा कान

आमच्या घरी माणसं येत ती आपापले खोकले घेऊन. नेवाशात तेव्हा सरकारी दवाखाना होता, त्यात डॉक्टरही होता. पण तिथून लाल औषधाची बाटली घेऊन येणाऱ्याला शेजारीपाजारी विचारायचे, "ते ठीक आहे, पण आबांना ऐकवलंत का?" आबा म्हणजे माझे थोरले काका. वेदपाठी माणूस. घरातच मुलांना संथा द्यायचे. बारा पोरं एका सुरात म्हणत असली आणि त्यातल्या एकाचा स्वर किंचित घसरला, तर आबा आतल्या खोलीतून, पान लावता लावता, त्या पोराचं नाव घेऊन ओरडायचे. अशा कानाला खोकला कळणार नाही असं कसं होईल, असा गावाचा हिशेब होता. आणि खोटं कशाला सांगू, बहुतेक वेळा तो बरोबर यायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी आबांना भोंदू ठरवू नये. भोंदू असते तर बरं झालं असतं. भोंदूचा राग करणं सोपं असतं.

त्यांची रीत ठरलेली होती. लेकराला ओसरीवर समोर बसवायचं, त्याच्या जिभेवर कोरड्या मेतकुटाची चिमूट ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मेतकुटानं ठसका लागायचा आणि आतला खोकला बाहेर यायचा. मळ्याकडच्या वाटेवर राहणारी ठकूबाई एकदा आपल्या धाकट्याला घेऊन आली होती, ते मला स्पष्ट आठवतं. ती आम्हाला भाजीपाला आणून द्यायची. पायरीच्या खालीच उभी राहून म्हणाली, "भटजीबुवा, पोरगं लई खोकतंय. तसं दिसभर हुंदडतं, ताप न्हाई का काय न्हाई. पन खोकाया लागलं की थांबतच न्हाई बगा. त्वांड काळंनिळं हुतं अन् खाल्लेलं समदं भडाभडा वकतं." आबांनी चिमूट दिली. पोरानं खोकायला सुरुवात केली आणि एकामागून एक, मध्ये श्वासाला जागाच न ठेवता, इतकं खोकलं की मी दाराआडून माझाच श्वास कोंडून धरला. मग खोकला थांबला आणि त्यानं हवा आत ओढली, तेव्हा कोंबड्याच्या आरवण्यासारखी लांब हूप निघाली. पाठोपाठ त्याला ओकारी झाली. ओकून झाल्यावर तोंड पुसून ते पोर पायरीवरच्या मांजरामागे धावलं. आबांनी डोळे उघडले. "डांग्या," ते म्हणाले. "अडुळशाचा रस मधातून दे. थोडं थोडं खायला घाल, ओकलं तर पुन्हा घाल. आणि दुसऱ्याच्या लेकरांत सोडू नकोस. दोन-तीन महिने जाईल, मग आपोआप सुटेल."

असं कुणी येऊन गेलं की आबा आम्हा मुलांना समजावून सांगायचे, जसे मंत्रातले स्वर समजावून सांगत तसेच. सर्दीचा खोकला ओला असतो, छातीत घरघरतो आणि आठपंधरा दिवसांत हटतो. दमेकऱ्याला श्वास घेता येतो, सोडता येत नाही, त्याची शिट्टी बाहेर जाताना वाजते. क्षयाचा खोकला हलका असतो, कुणाचं लक्षही जाणार नाही असा, पण संध्याकाळी अंग तापतं आणि माणूस वाळत जातो. आणि डांग्या खोकल्याची हूप श्वास आत घेताना येते. हूप आली तर डांग्या, नाही आली तर नाही. आणि एकदा होऊन गेला की जन्मात पुन्हा होत नाही. मला तो आधीच होऊन गेला होता, आबांनीच ओळखला होता, त्यामुळे मला हे सगळं स्वतःच्या छातीवरून पटायचं.

आता घराबद्दल. आम्ही नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत भाड्याच्या घरात राहायचो. आबा, काकू, माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आई आणि मी. काकूंना मूलबाळ नव्हतं आणि स्वयंपाकघर सगळं त्यांच्या ताब्यात होतं. दादा मामलेदार कचेरीत कारकून. सकाळी नदीवरून घागरी आणायच्या, त्यांच्या खळखळाटात संथा सुरू व्हायची, मग जातं, मग काकूंची फोडणी. लढाईचे दिवस होते, साखर मिळत नव्हती, रॉकेल मिळत नव्हतं, पण आमच्या घरात आवाजाची कधी टंचाई पडली नाही. गप्प असायची ती फक्त आई. थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत होती. आबा ओसरीवर असले तर आई माजघराच्या दाराशी भिंतीआड उभी राहायची आणि म्हणायची, "शांते, आबांना विचार, पाणी ठेवू का अंघोळीला?" आबांना ते ऐकू जायचं, त्यांना तर मुंगीची पावलं ऐकू जात. तरी मी वळून म्हणायचं, "आबा, आई विचारते पाणी ठेवू का?" मग आबा म्हणायचे, "आईला सांग, ठेव." आणि ते मी परत आईला सांगायचं. लहानपणी मला याची गंमत वाटायची. एका घरात राहणारी दोन मोठी माणसं माझ्या तोंडून बोलतात, म्हणजे मी कुणीतरी मोठीच, असं वाटायचं.

त्या हिवाळ्यात आईला मुलगी झाली. बारशाला तिचं नाव वत्सला ठेवलं, पण सगळे बाळीच म्हणायचे, आणि वत्सला म्हणण्याइतकी ती मोठी झालीच नाही. गोरीपान होती, आबांसारखे लांब कान होते तिचे. आबांना तिचं फार वेड. संध्या आटोपली की ते तिला मांडीवर घ्यायचे, रक्षेचे श्लोक पुटपुटायचे आणि शेवटी तिच्या तोंडावर, टाळूवर मंतरलेली फुंकर घालायचे. बाळी डोळे मिचकावायची आणि आबा हसायचे. आमच्या घराण्यात प्रत्येक तान्ह्यावर ही फुंकर पडलेली आहे. माझ्यावरही पडली असणार.

संक्रांतीच्या सुमारास आबा एका पारायणासाठी घोडेगावला गेले होते. तिथून आले ते घसा खवखवतोय म्हणतच. पुढे सर्दी गेली पण खोकला राहिला. दिवसभर काही नसायचं, आणि मग जेवताना, नाहीतर संथा देताना, एकदम उबळ यायची. चेहरा लाल व्हायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, हातातला घास पानात टाकून ते मोरीकडे धावायचे आणि खाल्लेलं बाहेर टाकायचे. काकू म्हणायच्या, "पित्त झालंय तुम्हाला." आबा म्हणायचे, "पित्त नाही, आवाज लागलाय. पारायण झालं ना घोडेगावला." एकदा दादा हसत म्हणाले, "आबा, तुमचा खोकला कुणाला ऐकवायचा?" त्यावर आबाही हसले आणि म्हणाले, "मला लहानपणीच होऊन गेलाय सगळा." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावातल्या पोरांचा खोकला डांग्या आणि आमचा मात्र आवाज लागलेला! हूप नव्हती, म्हणून डांग्या नव्हता. आणि फुंकर एक दिवसही चुकली नाही.

बाळीला आधी शिंका आल्या, नाक वाहिलं. मग एके दिवशी आई तिला पाजत असताना ती एकदम ताठ झाली. खोकली म्हणावं तर आवाज नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, चेहरा आधी लाल आणि मग वांग्यासारखा. आईनं तिला उचलून पाठ चोळली, तेव्हा ती सैल पडली आणि बारीक रडली. त्या दिवसापासून हे रोज व्हायला लागलं, दिवसातून कितीदा तरी. मधल्या वेळात बाळी बरी असायची. अंगात ताप नव्हता. आई दाराशी आली.

"शांते, आबांना सांग, बाळीचा श्वास अडकतो."

"आबा, आई म्हणते बाळीचा श्वास अडकतो."

"आण तिला," आबा म्हणाले. तान्ह्या मुलीला मेतकूट देता येईना, म्हणून त्यांनी तिच्या छातीला कान लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. "छाती स्वच्छ आहे. घरघर नाही. आईला विचार, हूप येते का?"

आई भिंतीआडून म्हणाली, "हूप नाही येत. आवाजच येत नाही. निळी पडते, एवढंच सांग."

"हूप येत नाही म्हणते," मी सांगितलं. पुढचंही सांगितलं, निळी पडते म्हणून. पण आबांना हवं होतं ते त्यांना मिळालं होतं.

"मग डांग्या नाही. अंगावरचं दूध बाधतंय. आईला विचार, आंबट काही खाल्लंस का?"

बोलल्या त्या काकू, स्वयंपाकघरातून. ठकूबाईनं दिलेली अंबाडी काकूंनी कण्या घालून शिजवली होती. बाळंतिणीला ती वर्ज्य, आईच्या पानात साधा वरणभात. पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर आईनं भाकरीच्या तुकड्यानं कढई पुसून खाल्ली होती, ते काकूंनी पाहिलं होतं. "मी म्हटलं, जाऊ दे, जीव असतो बाईचा," काकू म्हणाल्या. "पण बघा आता." त्यांचा स्वर दुष्ट नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्या क्षणापासून घरातल्या सगळ्यांनाच तसं वाटायला लागलं. आईलासुद्धा. कढईला लागलेली चार बोटं भाजी, आणि तिच्यावर एका जिवाचा भार.

मग आईचं पथ्य सुरू झालं. जुन्या तांदळाचा भात, मिरपूड, तूप, उकळलेलं पाणी. ताक बंद, फळ बंद, हिरवी भाजी बंद. ती पंगतीपासून लांब, कोपऱ्यात बसून मान खाली घालून तो पांढरा भात गिळायची, आणि समोर आबा उबळ येऊन मोरीकडे धावायचे, तेव्हा सगळ्यांच्या नजरा काळजीनं त्यांच्याकडे वळायच्या. आईनं दादांना विचारलं होतं की बाळीला नगरला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ या का. पडद्याच्या पलीकडे मी होते, मला ऐकू आलं. दादा म्हणाले, "आबांनी ऐकलंय ना तिला? मग आबांच्या वर का जायचं आपण?" दादा वाईट नव्हते. आमच्या घरात वाईट कुणीच नव्हतं, याचाच मला आज जास्त राग येतो. आबांनी बाळीसाठी एक केलं. फुंकर संध्याकाळी असायची, ती सकाळीही घालायला लागले.

एका दुपारी आई न्हायला गेली होती आणि बाळी माझ्या मांडीवर होती, परसात, उन्हाला. काकू पापडाचं पीठ कुटत होत्या. बाळीनं जांभई दिली असं मला वाटलं. तोंड उघडलं, आणि मग ती ताठ झाली. मी आईसारखी पाठ चोळली. तिचे ओठ निळे झाले, मग काळे, मग ती सैल पडली, नेहमीसारखी. मी तिच्या बारीक रडण्याची वाट बघत बसले. काकूंचं मुसळ वरखाली होत होतं. रडणं आलं नाही. मी हाक मारली तेव्हा सगळे धावले. आबाही धावले, त्यांनी तिला घेतलं, छातीला कान लावला आणि डोळे मिटले. त्या वेळी त्यांना काय ऐकू आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. इतकं लहान मूल जाळत नाहीत. दादा आणि आबा तिला कापडात गुंडाळून नदीकाठी घेऊन गेले आणि ओल्या धोतरांनी परत आले.

पुढचे काही दिवस माणसं समाचाराला येत होती. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात. आबा भिंतीला टेकून बसायचे, खरोखर खचले होते ते. येणारा विचारायचा, काय झालं हो एकाएकी, आणि आबा सांगायचे. दर वेळी तेच सांगायचे. "तान्ह्या मुलाचं आईच्या हाती असतं. पोटातून जातं सगळं. अंबाडी खाल्ली होती हो. बाईमाणूस, जिभेवर ताबा राहिला नाही." हे आत ऐकू जायचं. बायका आईकडे बघायच्या. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत बसायची. एके दिवशी ठकूबाई आली होती, पायरीशी उभी होती. "माय, सोन्यावानी हुती वं पोरगी," ती म्हणत होती आणि डोळे पुसत होती. आबा पुन्हा तेच सांगायला लागले, "अंबाडी खाल्ली," आणि तेवढ्यात त्यांना उबळ आली. एकामागून एक, श्वास न घेता, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, शेवटी ओसरीच्या कडेला वाकून ओकारी. मी दारात उभी होते. मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मला जे दिसलं ते मी म्हटलं.

"आबा, बाळी असंच करायची. अगदी असंच."

आबांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी ऐकू येऊन ते कुठून आलं हे शोधताना माणूस दिसतो, तसे ते दिसत होते. आणखी क्षणभर वेळ मिळाला असता तर कदाचित ते काही बोलले असते. पण तेवढ्यात आई बाहेर आली. भिंतीआडून नाही, सरळ दारातून, पाहुण्यांसमोर, थोरल्या दिरासमोर. तिनं माझ्या थोबाडीत दिली, इतक्या जोरानं की मी चौकटीवर आपटले. मग तिनं पदर दोन्ही हातांनी पसरला आणि आबांकडे बघून म्हणाली, "पोर आहे. कळत नाही तिला. माझंच चुकलं, मला पदरात घ्या."

लग्न होऊन ती या घरात आली त्याला किती वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ती आबांशी स्वतःच्या तोंडानं बोलली ती एवढी तीन वाक्यं. आबा म्हणाले, "असू दे, असू दे." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं, ते मिटलं. मी पाहिलं मिटताना. त्यांना सुटका हवी होती आणि माझ्या आईनं ती हातात नेऊन दिली.

उन्हाळा लागला तसा आबांचा खोकला आपोआप सुटला. आवाज पुन्हा खणखणीत झाला, संथा सुरू झाल्या, ओसरीवर पुन्हा लेकरं यायला लागली आणि मेतकुटाच्या चिमटी पडायला लागल्या. त्यांनी त्यानंतरही कितीतरी डांग्या अचूक ओळखले. त्यांच्या सांगण्यावरून लेकरं वेगळी ठेवल्यामुळे कुणाकुणाची तान्ही वाचलीही असतील. ती आता म्हातारी झाली असतील, सुखी असोत. आबा गेले तेव्हा गावानं दुकानं बंद ठेवली. आई त्यांच्या पायाशी बसून रडली, आणि मला ते बघवलं नाही, म्हणून मी परसात जाऊन उभी राहिले.

पुढे माझं लग्न झालं, मी नगरला आले, शाळेत शिकवलं, मुलं वाढवली. नातवाला लस टोचायला घेऊन गेले होते तेव्हा मी सहज विचारलं, ही कशाकशाची असते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगायची हौस होती त्यांना. म्हणाल्या, यात एक डांग्या खोकल्याची आहे. तो मोठ्या मुलांत ओळखू येतो, हूप येते म्हणून. अगदी तान्ह्यांना हूप येतच नाही पुष्कळदा, तेवढी ताकद नसते त्यांच्यात. खोकलाही धड येत नाही, नुसता श्वास थांबतो आणि मूल निळं पडतं. आणि आजी, मोठ्या माणसांनाही हूप येत नाही बहुधा, नुसता खोकला रेंगाळतो महिनोन्‌महिने. पूर्वी होऊन गेलेल्यालाही पुन्हा होतो. घरातल्या मोठ्यांकडूनच तान्ह्यांना लागतो बहुतेक. मी विचारलं, आईच्या खाण्यानं होतो का? त्या हसल्या. "छे हो, आजी, काहीतरीच!"

आई तेव्हा माझ्याकडेच होती, सत्तरी ओलांडलेली. मी घरी जाऊन चप्पलसुद्धा न काढता तिला सांगितलं. सांगायला नको होतं असं माझी मुलगी पुढे म्हणाली. मला तसं वाटत नाही. निरपराध माणसाला तसं सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं? आई मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "आबांना हे ठाऊक होतं का?"

"नाही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं आपल्याकडे."

"म्हणजे त्यांचा दोष नाही."

"नाही."

"तुझ्या दादांचाही नाही. काकूंचाही नाही."

"नाही, आई. आणि तुझा तर मुळीच नाही."

तिनं मेथीची काडी बाजूला टाकली आणि माझ्याकडे वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. माझ्या आईला रागावलेली मी आयुष्यात तेव्हाच पाहिली, कारण त्या थोबाडीतसुद्धा राग नव्हता, भीती होती.

"दोष कुणाचाच नव्हता," ती म्हणाली, "तर मग इतकी वर्षं तो माझ्या एकटीकडे कसा काय राहिला गं?"

हे मात्र डॉक्टरीणबाईंना विचारून येण्यासारखं नव्हतं.